घटता जननदर आणि वाढती लोकसंख्या

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. मानवजातीला पहिल्या १०० कोटींचा टप्पा गाठण्यास एकोणिसाव्या शतकाचा प्रारंभ उजाडावा लागला. दुसरा टप्पा १९२७ च्या सुमारास, तिसरा १९६० मध्ये आणि पाचवा १९८७ मध्ये पार झाला. त्या पाचव्या टप्प्याचे स्मरण म्हणून ११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन पाळला जातो. ७०० कोटींवरून ८०० कोटींवर येण्यास तर केवळ अकरा वर्षे पुरली. एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले आणि जगातील सर्वाधिक लोकसंख्येचा देश म्हणून आपली गणना होऊ लागली.

याच काळात दुसऱ्या बाजूने येणारी वार्ता याच्या नेमकी उलट आहे. १९५० च्या दशकात जगातील एका स्त्रीस सरासरी पाच अपत्ये होत असत. आज ही सरासरी सव्वादोनच्या आसपास आहे. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. हा वेग आता एक टक्क्याच्याही खाली आला आहे. जपान, दक्षिण कोरिया व चीन या देशांत तर लोकसंख्या घटू लागली आहे. मग लोकसंख्येचा प्रश्न सुटला असे मानावे, की तो अधिक बिकट झाला असे मानावे? या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, आणि त्यांतून गावपातळीवर काम करणाऱ्यांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जननदर म्हणजे काय?

लोकसंख्येच्या चर्चेत दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. दर हजार लोकसंख्येमागे एका वर्षात होणाऱ्या जन्मांची संख्या म्हणजे जन्मदर. एका स्त्रीस तिच्या प्रजननक्षम वयात सरासरी किती अपत्ये होतील, हे दर्शविणारा आकडा म्हणजे एकूण जननदर. समाजाची पुढची वाटचाल समजून घेण्यास हा दुसरा आकडा अधिक उपयोगी पडतो. एका दांपत्याची जागा पुढील पिढीत दोन व्यक्तींनी घेतली की लोकसंख्या दीर्घकाळात स्थिर राहते. काही मुले मोठी होण्यापूर्वी दगावतात आणि मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक जन्मतात, म्हणून हा आकडा दोनऐवजी २.१ धरतात. यास प्रतिस्थापन पातळी असे म्हणतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये भारताचा एकूण जननदर ३.४ होता, २०१९-२१ च्या पाहणीत तो २.० वर आला. म्हणजे देशाने प्रतिस्थापन पातळी ओलांडून खाली पाऊल टाकले आहे. महाराष्ट्राचा जननदर याच काळात २.९ वरून १.७ झाला. गोव्यात तो १.३, केरळ व तामिळनाडूत १.८, तर बिहारमध्ये ३.० आढळला. एकाच देशात युरोपसारखी आणि आफ्रिकेतील काही देशांसारखी अशा दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी नांदत आहेत, ही बाब धोरणे आखताना विसरता येणार नाही.

लोकसंख्या का वाढली?

लोक अधिक मुले जन्मास घालू लागले म्हणून लोकसंख्या वाढली, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या पणजी-आजीच्या काळातही घरोघरी सहा-सात बाळंतपणे होतच असत. फरक असा, की त्यांतील बरीच मुले जगत नसत. दुष्काळ, देवी, पटकी, प्लेग व हिवताप यांनी लोकसंख्येस आवर घातला होता. १९११ ते १९२१ या दशकात, विशेषतः १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे, भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. म्हणूनच जनगणनेच्या इतिहासात १९२१ हे वर्ष दुभाजक मानले जाते.

त्यानंतर चित्र पालटले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० वर्षांच्या घरात आहे. १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ इतके खाली आले. १९५१ मधील ३६ कोटींचे २०११ मध्ये १२१ कोटी झाले, ते मुख्यतः या जगण्याच्या वाढीमुळे. याच साठ-सत्तर वर्षांच्या वाढीकडे आपण केवळ संकट म्हणून पाहत आलो. वस्तुतः ते सार्वजनिक आरोग्याचे, लसीकरणाचे व अन्नपुरवठ्याचे यशही होते. अडचण एवढीच, की मृत्यू लवकर कमी झाले आणि जन्म सावकाश कमी झाले. या दोहोंमधील अंतराच्या काळात लोकसंख्या फुगते. युरोपने हे संक्रमण सुमारे दीडशे वर्षांत पार केले. आपण ते त्याच्या निम्म्या काळात पार करीत आहोत.

जननदर कसा घटला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्राचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा या विषयाचा उच्चारही अशिष्ट समजला जात होता. त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. पण १९२७ मध्ये सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. संततिनियमन हा स्त्रीच्या आरोग्याचा व तिच्या निवडीचा प्रश्न आहे, हा विचार त्यांनी मांडला. त्यांच्या कार्यास साहाय्य करणाऱ्या शकुंतलाबाई परांजपे यांनी पुढे हा विषय विधिमंडळात व संसदेत नेला. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा जगात असा कार्यक्रम आखणारे अन्य सरकार नव्हते.

या वाटचालीत एक कटू प्रकरणही आहे. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक निर्बीजीकरण शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कित्येक सक्तीने, उद्दिष्टपूर्तीच्या दडपणाखाली झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या निर्बीजीकरणाची तरतूद करणारे विधेयकही संमत केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. या सक्तीचा परिणाम काय झाला? पुढील वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्या आसपास कोसळली. लोकांचा विश्वास उडाला, कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' करावे लागले आणि आरोग्यसेवकांना पुन्हा गावात पाय ठेवण्यास वर्षे लागली.

याच दशकात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे वेगळा मार्ग आकारास येत होता. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अवर्षणग्रस्त भागातील, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण दिले. प्रथम पिण्याचे पाणी, मुलांचे पोषण व लसीकरण, सुरक्षित बाळंतपण. आणि त्याबरोबरीने कुटुंबनियोजन, असा त्यांचा क्रम होता. जन्मलेले मूल जगेल, अशी खात्री पटल्यावर आईबापांनी लहान कुटुंब आपण होऊन पत्करले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची घरगुती देखभाल सोपविली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी करून दाखविले. आजच्या आशा स्वयंसेविकेच्या कामामागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

दुसरे कारण स्त्रीशिक्षण. १९५१ मध्ये देशातील स्त्रियांपैकी जेमतेम नऊ टक्के साक्षर होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आणि महाराष्ट्रात सुमारे ७६ टक्के होते. शाळेत राहिलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, पहिले बाळंतपण उशिरा होते, आणि मूल केव्हा व्हावे याविषयी घरात तिचा शब्द चालू लागतो. केरळने हे सक्तीवाचून साधले. बांगलादेशासारख्या गरीब देशात १९७५ च्या सुमारास सहाहून अधिक असलेला जननदर चार दशकांत अडीचच्या खाली आला, तोही घरोघरी जाणाऱ्या महिला कार्यकर्त्यांच्या बळावर. श्रीमंती येईपर्यंत थांबावे लागत नाही आणि दंडुकाही उगारावा लागत नाही, असा या अनुभवांचा निष्कर्ष आहे.

जननदर घटूनही वाढ का थांबत नाही?

एका काल्पनिक गावाचे उदाहरण घेऊ. गावात एका वेळी आजी-आजोबा, आईवडील व मुले अशा तीन पिढ्या हयात आहेत. आजी-आजोबा १००, म्हणजे ५० दांपत्ये. प्रत्येकास चार अपत्ये झाली, म्हणून आईवडिलांची पिढी २०० ची. त्यांच्या १०० दांपत्यांनाही चार-चार अपत्ये झाली, म्हणून मुले ४००. गावाची एकूण लोकसंख्या ७००. आता असे समजा, की या ४०० मुलांनी मोठेपणी 'दोनच पुरे' असा निश्चय केला आणि तो तंतोतंत पाळला. त्यांच्या २०० दांपत्यांना ४०० मुले होतील. तेव्हा गावात वृद्ध २००, मधली पिढी ४०० आणि मुले ४०० असे १,००० लोक असतील. आणखी एका पिढीने तिन्ही पिढ्या ४००-४०० होऊन लोकसंख्या १,२०० होईल आणि तेथे स्थिरावेल. कोणीही दोनपेक्षा अधिक मुले होऊ दिली नाहीत, तरी गाव ७०० वरून १,२०० वर गेले!

लोकसंख्येच्या या अंगभूत गतीमुळेच भारताचा जननदर प्रतिस्थापन पातळीखाली येऊनही देशाची लोकसंख्या आणखी काही दशके वाढत राहणार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार ती २०६० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १७० कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल. जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे १,०३० कोटींचे शिखर गाठील, असा याच संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे पुढील तीस-चाळीस वर्षांची वाढ ही आजच्या आईबापांच्या बेफिकिरीची नव्हे, तर मागील पिढीने मागे ठेवलेल्या तरुण लोकसंख्येची देणगी आहे.

आपल्या काल्पनिक गावाकडे आणखी एकदा पाहावे. प्रारंभी ७०० पैकी १०० वृद्ध होते, म्हणजे सात जणांत एक. अखेरीस १,२०० पैकी ४०० वृद्ध आहेत, म्हणजे तिघांत एक. लोकसंख्या स्थिर होणे आणि समाज वयस्क होणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत.

पृथ्वीवरील भार

१७९८ मध्ये माल्थस या इंग्रज विचारवंताने लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असा सिद्धान्त मांडला. भारतापुरते बोलावयाचे तर तो खरा ठरला नाही. १९५०-५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ३३ कोटी टन झाले. लोकसंख्या चौपट झाली, धान्य सहापटीहून अधिक झाले. मात्र या यशाची किंमत पाण्याने व मातीने मोजली आहे. १९५१ मध्ये दरडोई वर्षाला सुमारे ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते. २०११ मध्ये ते १,५४५ घनमीटर राहिले. पाऊस तेवढाच आहे, वाटेकरी वाढले आहेत.

तथापि केवळ वाटेकऱ्यांची संख्या मोजून भागत नाही. प्रत्येकाचा वाटा किती, हेही पाहिले पाहिजे. कर्बवायूचे उत्सर्जन भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन, तर अमेरिकेत सुमारे चौदा टन आहे. ज्या देशांची लोकसंख्या स्थिर झाली आहे किंवा घटत आहे, त्यांपैकी अनेकांचा पृथ्वीवरील भार आजही दरडोई सर्वांत मोठा आहे. १९५८ मध्ये हवेतील कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. ही वाढ प्रामुख्याने कोळसा व खनिज तेल जाळण्याने झाली. पुढील पंचवीस-तीस वर्षांत हवामान किती तापेल हे, आज जन्मलेले लोक काय व किती जाळतात, यावर अवलंबून आहे. अद्याप न जन्मलेल्या बालकांवर तो दोष ढकलता येणार नाही.

गावाच्या पातळीवरही हेच खरे आहे. राज्यातील पिकाखालील क्षेत्राचा लहानसा भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो, याचे कारण लोकसंख्या नव्हे. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची पद्धत घालून दिली. किती पाऊस झाला, पिण्यास किती राखून ठेवावयाचे आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची, हे तेथे सर्वांनी मिळून ठरविले. शेतीसाठी कूपनलिका व उसासारखे अधिक पाणी पिणारे पीक यांस आळा घातला. 

लहान कुटुंबाची दुसरी बाजू

जननदर घटला, पण मुलगाच हवा ही इच्छा घटली नाही, तर काय होते? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ पर्यंत घसरला होता. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, हे खरे; पण ज्या राज्याने कायद्यात पुढाकार घेतला, त्याच राज्यात पुढील दोन जनगणनांत मुली कमी होत गेल्या. लहान कुटुंबाचे यश मोजताना हा आकडा त्याशेजारीच लिहिला पाहिजे.

कुटुंबनियोजनाचा भार कोणावर पडतो, तेही पाहण्यासारखे आहे. २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांनी निर्बीजीकरण शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारला होता. पुरुष शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी व कमी जोखमीची असताना हे घडते. त्याच पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाल्याचे दिसले. म्हणजे आपल्याकडे जननदर कमी झाला, तो पुष्कळ ठिकाणी लवकर लग्न, लवकर दोन बाळंतपणे आणि मग लवकर शस्त्रक्रिया, या क्रमाने. आकडा समाधानकारक दिसतो. त्यामागील मुलीचे आयुष्य तसे असेलच असे नाही.

आता वार्धक्याकडे वळू. २०११ मध्ये महाराष्ट्रात साठीपुढील लोक जवळजवळ दहा टक्के होते. शतकाच्या मध्यास देशात दर पाच जणांत एक ज्येष्ठ नागरिक असेल, असा अंदाज आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात प्रत्यक्षात घटली. त्यामागे मुंबईकडे होणारे स्थलांतर हे मोठे कारण असले, तरी बंद घरे, ओसरलेला शाळेचा पट आणि एकट्या राहिलेल्या वृद्ध स्त्रिया हे तेथील दृश्य उद्याच्या अनेक तालुक्यांचे पूर्वचित्र ठरू शकते. चीनने १९८० च्या सुमारास 'एकच मूल' हे धोरण सक्तीने राबविले. २०१६ मध्ये दोन व २०२१ मध्ये तीन अपत्यांस मुभा दिली, तरी २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटू लागली. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली गेला. खाली गेलेला जननदर हुकमाने वर येत नाही, हे या देशांनी अनुभवले आहे.

आपल्याकडेही महाराष्ट्राने या शतकाच्या प्रारंभी पंचायत सदस्यत्वासाठी आणि २००५ च्या नियमांनी शासकीय सेवेतील प्रवेशासाठी दोन अपत्यांची अट घातली. आंध्र प्रदेशाने मात्र स्थानिक संस्थांसाठीची तशीच अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. जननदर १.७ असलेल्या राज्यात अशा तरतुदींची उपयुक्तता किती उरली, त्यांमुळे मुलींवर व स्त्री उमेदवारांवर काय परिणाम होतो, याचा विचार लोकप्रतिनिधींनी करणे अगत्याचे आहे.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गावाचे आकडे वाचण्याची सवय. जन्ममृत्यूच्या नोंदी, अंगणवाडीची पटसंख्या व शाळेचा पट हे तिन्ही गावातच उपलब्ध असतात. गेल्या दहा वर्षांत किती जन्म झाले, त्यांत मुली किती, साठीपुढील किती जण एकटे राहतात, हे एका कागदावर मांडून ग्रामसभेसमोर ठेवावे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. गणनेच्या कामात शिक्षकांचा वाटा नेहमीच मोठा असतो. अचूक वय व प्रत्येक मुलीची नोंद यांवर पुढील दशकाच्या योजना उभ्या राहतात, याची जाणीव त्यांनी ठेवावी.

दुसरी गोष्ट, मुलीचे शिक्षण बारावीपर्यंत अखंड राहील आणि अठरापूर्वी तिचे लग्न होणार नाही, ही जबाबदारी शाळा व पंचायत यांनी मिळून घ्यावी. तिसरी, कुटुंबनियोजनाचा सल्ला देताना पुरुषांनाही त्यात ओढावे आणि दोन बाळंतपणांतील अंतर राखण्याच्या साधनांवर भर द्यावा. चौथी, वृद्धांच्या आरोग्य तपासणीचा व सोबतीचा विचार विकास आराखड्यात आजच करावा; हा प्रश्न दाराशी येईपर्यंत थांबू नये. आणि पाचवी, पाणी, माती व जळण यांचा वार्षिक ताळेबंद मांडावा. कारण पुढील तीस वर्षांत पृथ्वीवरील भार हलका होणार असेल, तर तो प्रामुख्याने या ताळेबंदातून होईल.

एकेकाळी 'माणसे फार झाली' या भीतीने आपण धोरणे आखली. काही दशकांनी 'माणसे कमी पडतात' या भीतीने ती आखली जाण्याचा संभव आहे. दोन्ही वेळी आकडा पुढे येतो आणि माणूस मागे राहतो. किती मुले व्हावीत हे दांपत्याने, विशेषतः त्यातील स्त्रीने, समजून-उमजून ठरवावे. जन्मलेले प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, जगावे व शिकावे. आणि वृद्धाचा अखेरचा काळ सन्मानाने जावा. एवढे ज्या गावात साधेल, त्या गावाची लोकसंख्या योग्य की अयोग्य, हा प्रश्न विचारण्याची वेळ येणार नाही.